भिंतीवरचे गॅलन

वेस्ट कोरबी, व्हरमाँट
९ जानेवारी १९९६

चि. कोरीन,

सोबतचं पत्र सरकारी आहे. आधी ते वाच, मग चहा घे आणि हे वाच. फोन करू नकोस. फोनवर तू भराभर बोलतेस, मी हो हो म्हणते, आणि ठेवल्यावर मला तुझा आवाज तेवढा आठवतो, काय सांगितलंस ते नाही. लिहिलेलं चष्मा लावून तीनदा वाचता येतं.

मला समजलं ते असं. इन्कम टॅक्सवाल्यांनी माझी ब्याण्णव, त्र्याण्णव आणि चौऱ्याण्णवची रिटर्न्स काढली आहेत. तिन्ही वर्षी गुऱ्हाळात तोटा. म्हणून ते विचारतात, मेपलचा पाक काढणं हा माझा धंदा आहे की हौस? हौस असेल तर तोटा माझा मी सोसायचा, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पगारातून तो वजा करता येणार नाही.

कोरीन, मी एकाहत्तर वर्षांची आहे. मार्च महिन्यात गुडघाभर बर्फातून सहाशे झाडांचा रस गोळा करते आणि काहिलीपुढे उभी राहून कढवते. आर्मां गेल्यावर माझे दीर म्हणाले होते, ओडेटला खेळू द्या थोडे दिवस. आता सरकारही तेच म्हणतंय.

आरागिरणीवाला डिसेंबरात येऊन गेला. मेपलच्या जुन्या खोडांना चांगला भाव देतो म्हणाला. मी त्याला एप्रिलपर्यंत थांबायला सांगितलंय. सरकारने हौस म्हटलं तर झाडं त्याला देऊन टाकणार. काम करायला माझं वय झालेलं नाही, खेळायला झालंय.

काय करायचं ते लिही. सोपं लिही.

तुझी,
ओडेट मावशी


वुस्टर, मॅसॅच्युसेट्स
१६ जानेवारी १९९६

प्रिय मावशी,

सरकारी पत्र दोनदा वाचलं, तुझं चारदा. घाबरू नकोस. हा आरोप नाही, चौकशी आहे. उत्तर देता येतं.

ते काय बघतात ते सांगते. काम करणारीला कामाची माहिती आहे का, ती त्यात किती वेळ घालते, हिशेब नीट ठेवते का, आणि कधीतरी नफा होईल अशा बेताने चालवते का. पहिल्या दोन गोष्टींची मला काळजी नाही. हिशेबाची आहे. मला सगळं हवं: बिलं, बँकेची पुस्तकं, विक्रीची वही. आणि दर वर्षी एकूण पाक किती निघाला, तेही. हे मी तुला आजवर कधी विचारलंच नाही असं आत्ता लिहिताना लक्षात आलं. अकरा वर्षं मी तुझं रिटर्न भरतेय आणि दर वर्षी एकच विचारते, किती विकलास? किती काढलास हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

आणखी एक. या कामात आनंद मिळतो का, हेही ते तोलतात. फार आनंद मिळत असला की त्यांना हौसेचा वास येतो. तेव्हा साहेब भेटले तर 'मला हे फार आवडतं' असं आपणहून म्हणू नकोस.

हे वाक्य लिहून मी पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. मी तुला खोटं बोलायला सांगतेय का? नाही. विचारलं तर खरंच सांग, विचारलं नाही तर सांगू नकोस, एवढंच म्हणतेय. पण सल्ला देऊन मला बरं वाटलेलं नाही, हेही तुला कळलेलं बरं.

तुझी,
कोरीन


वेस्ट कोरबी
२५ जानेवारी १९९६

चि. कोरीन,

बिस्किटांचा पत्र्याचा डबा पाठवलाय. बिलं त्यात आहेत, विक्रीची वही त्यात आहे. तळाशी सुईदोरा असेल तो परत पाठव.

किती काढला हे वहीत नाही. ते गुऱ्हाळाच्या भिंतीवर आहे, आर्मांच्या वेळेपासून. हंगाम संपला की पेन्सिलीने फळीवर लिहायचं: साल, पहिल्या कढाची तारीख, एकूण गॅलन, आणि कुणाकडे किती गेले ते. आर्मां शाळेत दोन हिवाळे गेला तेवढाच. नाव आणि आकडा त्याला यायचा, पुढचं तो चित्राने सांगायचा. तो गेल्यावर मीही तसंच चालू ठेवलं.

तू कधी विचारलं नाहीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. विचारलं असतंस तरी मी 'बेताचंच झालं' म्हटलं असतं. इथे कुणी कुणाला आपले गॅलन सांगत नाही. दुकानात सगळेच 'बेताचंच' म्हणतात आणि घरी जाऊन भिंतीवर खरं लिहितात.

भिंत टपालाने पाठवता येत नाही. ग्लेनिसकडे कॅमेरा आहे. ती माझे केस कापायला येईल तेव्हा तुला हव्या त्या तीन वर्षांच्या फळ्यांचे फोटो काढेल.

आनंदाचं वाचलं. मी तोंड मिटून बसेन. सवय नाही, पण बसेन.

तुझी मावशी


वुस्टर
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय मावशी,

फोटो मिळाले. थोडे हललेले आहेत, पण वाचता येतात. सुईदोरा परत पाठवलाय.

आता नीट वाच. चौऱ्याण्णवला तू एकशे साठ गॅलन पाक काढलास. वहीत विक्री अठ्ठ्याण्णव गॅलनची आहे. मधले बासष्ट गॅलन भिंतीवर आहेत, पण माझ्या कुठल्याच कागदावर नाहीत. आधीच्या दोन वर्षांतही तसंच.

चित्रांवरून मला लागलं ते असं. तीस गॅलनपुढे झाड किंवा कुऱ्हाड आहे. म्हणजे ज्यांच्या मेपलना तू रसासाठी तोट्या ठोकतेस ते शेजारी, आणि भट्टीला लाकूड देणारे. लिओपुढे फावडं आहे, आठ गॅलन. तो तुझ्या दारातला बर्फ काढतो. डॉक्टर पीजपुढे दात, सहा. ग्लेनिसपुढे कात्री, चार. मॉर्गनपुढे गाय, बारा. तुझ्या फ्रीजरमधलं मांस त्याच्याकडून येतं.

मावशी, कायद्याच्या दृष्टीने ही विक्री आहे. पैशाऐवजी काम घेतलंस किंवा मांस घेतलंस, तरी पाकाची किंमत तुझं उत्पन्न धरतात. झाडांचं भाडं आणि लाकूड हा धंद्याचाच खर्च, तिथे जमा आणि खर्च सारखे होऊन प्रश्न मिटतो. पण दात, केस, मांस आणि दारातला बर्फ हा घरचा खर्च. ते तीस गॅलन, तीस डॉलरने नऊशे डॉलर, दर वर्षी तुझ्या उत्पन्नात यायला हवे होते.

आणि आता गंमत बघ. चौऱ्याण्णवला तुझा तोटा चारशे बारा डॉलर होता. त्यात हे नऊशे धरले की चारशे अठ्ठ्याऐंशी नफा होतो. तिन्ही वर्षी नफा होतो. तुझं गुऱ्हाळ तोट्यात कधी नव्हतंच.

दोन्ही बाजू मांडते, कारण मांडायलाच हव्यात. हे बासष्ट गॅलन कुणाला कळले नसते आणि त्यांनी हौस ठरवली असती, तर तुला तीन वर्षांचे मिळून दोनशे डॉलर भरावे लागले असते. आता धंदा ठरेल, पण पावणेसहाशे आणि वर व्याज भरावं लागेल. आणि मला कळल्यावर मी ते न सांगता तुझ्या कागदावर सही करू शकत नाही. फोटो मीच मागितले. त्या वेळी असं काही निघेल हे मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असतं तर मागितले असते का, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतेय.

कुणाला किती, कशाबद्दल, हे नावांसकट लिहून दे.

कोरीन


वेस्ट कोरबी
१५ फेब्रुवारी १९९६

कोरीन,

पैशाचं काही नाही, भरेन. नावं देणार नाही.

लिओ बर्फ काढतो कारण आर्मां गेला त्या आठवड्यात त्याने काढला आणि मग थांबला नाही. मी डबा ठेवते कारण रिकाम्या हाताने त्याला जाऊ देणं मला जमत नाही. तू त्याला विक्री म्हणतेस. उद्या सरकार त्याच्या दारात जाऊन म्हणणार, आठ गॅलनचा टॅक्स भर. मग पुढच्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?

तू कॉलेजात जावंस म्हणून मीच तुझ्या बापाच्या मागे लागले होते. आता वाटतं, थोडं कमी लागले असते तर चाललं असतं.

मावशी


वुस्टर
२३ फेब्रुवारी १९९६

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी बॅगेत घेऊन फिरतेय. ऑफिसात दोन बेकरीवाले आणि एक न्हावी आले होते. त्यांना सांगताना मला काहीच जड जात नाही: पावती फाडा, वेगळं खातं उघडा, अदलाबदल केली तरी लिहून ठेवा. तुला तेच सांगताना मला कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटतं.

तू म्हणतेस त्यात तथ्य आहे का, हे मी प्रामाणिकपणे तपासलं. नुसती भेट असेल तर उत्पन्न धरत नाहीत. पण भेट होती की मोबदला, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही आणि तूही एकटी ठरवू शकत नाहीस. ते ज्याने दिलं आणि ज्याने घेतलं त्या दोघांना माहीत. माझी एकच विनंती आहे. सरकार त्यांच्या दारात जायच्या आधी तू जा. त्यांनाच विचार.

आणि आता ते, जे मागच्या पत्रात मी लिहिलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही. तीस आणि तीस मिळून साठ होतात. उरलेल्या दोन गॅलनपुढे माझं नाव आहे. नावापुढे एक चौकोन आणि त्याखाली तीन रेघा. कागद आणि त्यावरच्या ओळी. म्हणजे तुझं रिटर्न.

दर मे महिन्यात तुझे दोन गॅलन येतात. मी ते टोस्टवर ओतून खाल्ले, शेजाऱ्यांना वाटले आणि कधीही माझ्या उत्पन्नात धरले नाहीत. लिओचं फावडं मी एका संध्याकाळात पकडलं, माझा कागद मला अकरा वर्षं दिसला नाही. मला वाटायचं ते तू प्रेमाने पाठवतेस. मी मोबदला घेत होते हे कळून मला नेमकं कशाचं वाईट वाटतंय, टॅक्सचं की दुसऱ्या कशाचं, ते अजून उलगडलेलं नाही.

रागावलीस तरी लिही.

कोरीन


वेस्ट कोरबी
२७ मार्च १९९६

चि. कोरीन,

महिनाभर लिहिलं नाही, कारण रस सुटला होता. पत्राला चिकटा लागलाय तो पाकाचा आहे.

मी गेले. आधी लिओकडे, कारण तोच अवघड. त्याची बायको समोर होती. मी सगळं सांगितलं. लिओ म्हणाला, "लिही की माझं नाव. आठ गॅलन." त्याची बायको म्हणाली, "आठ? मला तर सहा म्हणाला होतास." लिओ म्हणाला, "बेताचेच होते." पुढचं त्यांच्यात झालं, मी निघाले.

मॉर्गन म्हणाला, त्याला टॅक्स भरायचा नाही पण माझी झाडं तुटायला नकोत, तेव्हा लिही. ग्लेनिस म्हणाली, चार गॅलन मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे बाकीच्या गिऱ्हाइकांनाही अक्कल येईल.

डॉक्टर पीजकडे शेवटी गेले. त्याने खुर्चीत बसवलं, आत जाऊन वही आणली. त्यात दर वर्षी माझं नाव: पाक, सहा गॅलन, एकशे ऐंशी डॉलर. तो म्हणाला, "बाई, मी पहिल्या वर्षापासून टॅक्स भरतोय यावर. मला वाटलं तुम्हीही भरत असाल." कोरीन, मी त्या वहीतली माझी ओळ चष्मा लावून तीनदा वाचली. एवढी वर्षं तो आमच्या दोघांतलं खरं लिहीत होता आणि ते लिहिल्याने त्याचं माझ्याशी वागणं रतिभरही बदललं नव्हतं. मी उगाच तुझ्यावर ओरडले. कॉलेजचं वाक्य मागे घेते.

आता साहेब. टॅलमन नाव, तुझ्यापेक्षा लहान असेल. म्हणाला होता ऑफिसात या, मूळ कागद घेऊन. मी कळवलं, मूळ कागद भिंतीला खिळ्यांनी ठोकलाय आणि काहील चढलेली आहे. तर तो आला. शहरातले बूट घालून. तीन तास बसला. वाफेने त्याचा चष्मा धूसर व्हायचा, तो पुसायचा, एक ओळ वाचायचा, परत पुसायचा.

मी आपल्या रीतीप्रमाणे बर्फावर पाक ओतला, सोबत डोनट आणि लोणच्याची काकडी ठेवली. तो म्हणाला, "मला काही घेता येत नाही, बाई. नियम आहे." मी म्हटलं, "मग बघत बसा." थोड्या वेळाने म्हणाला, "हे विकत मिळतं का?" मी म्हटलं, पाइंट सहा डॉलर. त्याने सहा डॉलर काढले आणि पावती मागितली. माझ्याकडे पावती कुठली? तर त्याने आपल्या कागदावर आखून मला दाखवलं: इथे तारीख, इथे माल, इथे सही. माझी पहिली पावती. मग काकडीसकट खाल्लं सगळं.

जाताना त्याने विचारलं, "हे काम तुम्हाला आवडतं का?"

मी तुझं ऐकून तोंड मिटलं होतं. पण त्याने विचारलं होतं, कोरीन, आणि विचारलं तर खरं सांग असं तूच लिहिलंयस. मी म्हटलं, "आवडतं. तुम्हाला तुमचं आवडत नाही का? आवडलं की पगार बंद करतात?"

तो म्हणाला, "माझ्या कामाचं राहू द्या, बाई."

निकाल टपालाने येईल. आरागिरणीवाला परवा चक्कर मारून गेला. मी म्हटलं, अजून एप्रिल लागलेला नाही.

तुझ्या दोन गॅलनबद्दल टॅलमनने विचारलं होतं. ते वेगळं लिहीन, आत्ता काहील उतू जाईल.

मावशी


वुस्टर
४ एप्रिल १९९६

प्रिय मावशी,

पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच हसले आणि मग एकटीच काळजी करत बसले. 'आवडतं' म्हणालीस. बरं केलंस. माझा सल्ला चूक होता असं मी म्हणणार नाही, पण तो पाळला गेला नाही याचा मला आनंद आहे.

माझं मी निस्तरलं आहे. मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करता येतात. वर्षाला साठ डॉलर उत्पन्न वाढवून फॉर्म भरून ठेवलेत, सोमवारी टाकीन. डॉक्टर पीज इतकी वर्षं जे सहज करत आले, ते मी अकरा वर्षं केलं नाही, आणि मी तर यावरच पोट भरते.

यंदा पाक पाठवू नकोस. रिटर्न मी तसंही भरेन.

तुझी,
कोरीन


वेस्ट कोरबी
८ एप्रिल १९९६

चि. कोरीन,

तुझं पत्र शनिवारी मिळालं, म्हणून हे आज सकाळीच टाकतेय. ते फॉर्म टाकले असशील तर परत मागव.

निकाल आला. धंदा. पावणेसहाशे आणि एक्कावन्न व्याज. मी चेक लिहिला आणि खाली माझ्या हाताने लिहिलं: ओडेट, पाक उत्पादक. आरागिरणीवाल्याला सांगितलं, झाडं कामावर आहेत.

आता तुझं. ग्लेनिसचा हात हलतो, कात्री धरतानाही हलतो. आणि तू मागितलेल्या तीनच वर्षांच्या फळ्यांचे तिने फोटो काढले. छपराजवळची फळी तिने काढली असती तर तुला कळलं असतं. तिथे १९६१ लिहिलंय आणि तुझं नाव आहे. दोन गॅलन.

त्या फेब्रुवारीत तुझी आई, माझी ल्युसील, गेली. तुझा बाप तुला इथे आणून सोडून गेला. आठ वर्षांची होतीस. मार्च आणि अर्धा एप्रिल तू एक शब्द बोलली नाहीस. सकाळी आर्मांच्या मागे गुऱ्हाळात जायचीस आणि काहिलीशेजारी दूध काढायच्या स्टुलावर बसायचीस, अंधार पडेपर्यंत. तो तुला काही विचारायचा नाही. एकदा तू आपणहून म्हणालीस, "उतू चाललंय." तो धावला. पाक वाचला.

मे महिन्यात तुझा बाप न्यायला आला तेव्हा आर्मांने दोन गॅलन बाजूला काढले, फळीवर तुझं नाव लिहिलं आणि चित्र काढलं. वर बसायची चौकट, खाली तीन पाय. तो कागद नाही, कोरीन. ते स्टूल आहे. मी त्याला विचारलं होतं, हिने काय दिलं म्हणून लिहितोस? तो म्हणाला, "बसली होती ना."

तेव्हापासून दर वर्षी तो ते काढायचा. तू माझं रिटर्न भरायला लागलीस पंच्याऐंशीला. तोवर अठ्ठेचाळीस गॅलन तुझ्याकडे गेले होते. आता मी काढते. मला पाय सरळ जमत नाहीत.

टॅलमनने बोट ठेवून विचारलं होतं, "हे फर्निचर कसलं?" मी त्याला सांगितलं, हे तुला सांगितलं तेवढंच. त्याने चष्मा पुसला आणि लिहिलं, भेट. त्या वेळी वाफ फार नव्हती.

तेव्हा ते दोन गॅलन येणारच, आणि तू ते कुठेही धरायचे नाहीत. राहिलं तुझं काम. अकरा वर्षं तू माझी रिटर्न्स भरलीस आणि मी तुला एक पैसा दिला नाही, कारण मला वाटायचं ते तू प्रेमाने करतेस. तरी बिल पाठव. धंदा आहे माझा. पावतीपुस्तक आणलंय, दुसऱ्या पावतीवर सही तुझी.

पुढच्या मार्चमध्ये ये. स्टुलाचा एक पाय सुताराकडून बदलून घेतलाय. तू आता आठ वर्षांची नाहीस.

तुझी,
ओडेट मावशी